स्टेपनीच्या जागी

आमच्या दाजींनी गाडीला मागे दोन सायलेन्सर बसवून घेतले, तेव्हापासून अख्ख्या जळगावात आपल्यासारखा शहाणा नाही, अशी त्यांची समजूत झाली. इंजिन चार सिलिंडरचं. चारही सिलिंडरांचा धूर खालून एकाच नळीत येतो. यांनी शेवटी तिला फाटा फोडला आणि दोन चकचकीत तोंडं काढली. विहिरीवरच्या एका मोटरीला पुढे दोन पाइप जोडले, म्हणून पाणी वाढतं का? घरची केळीची बाग असून माणसाला एवढंही कळू नये! आवाज म्हणाल, तर म्हैस खोकल्यासारखा. तो ते आल्यागेल्याला ऐकवायचे, आणि ते जावई पडले म्हणून आम्ही माना डोलवायचो.

वडील गेल्यानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी त्यांच्या नावाची घागर भरायची आणि निखाऱ्यांवर आगारीचा, म्हणजे पितरांचा घास टाकायचा, तोही दुपारच्या जेवणाआधी. माझ्या बहिणीला, अक्काला त्या वेळी हजर राहायचंच होतं. वडिलांच्या आजारपणात तिला त्यांच्याजवळ राहता आलं नव्हतं.

बेटावदच्या अलीकडे दाजींची गाडी पंक्चर झाली. अक्काचा फोन आला तशी मी मोटरसायकल काढली. जाऊन बघतो तर डिकी उघडी, स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा कापलेला, आणि तिथे दुसरा सायलेन्सर ऐटीत बसलेला. स्टेपनी जळगावला, घरी! बिनकामाच्या नळीसाठी कामाचं चाक काढून ठेवणारा महाभाग मी तोवर पाहिला नव्हता.

"अक्का, मांगे बठ," मी म्हणालो.

"तिला कशाची घाई?" दाजी म्हणाले. "आधी मला आणि चाकाला पंक्चरवाल्याकडे सोड."

सणाच्या दिवशी जावयाला रस्त्यावर सोडून जाणं आमच्याकडे कुणी ऐकलेलंही नाही. अक्काने एकदा दाजींकडे पाहिलं, पदर खोचला आणि माझ्यामागे येऊन बसली.

आई दारातच जावयाची वाट बघत उभी होती. "जावाईबापू कोठे शेतस?"

"गाडीजोडे शेतस," अक्का म्हणाली. "तू आगारीनं ताट लई ये."

आईने ताट आणलं. घास मुलाने टाकायचा असतो. मी तो अक्काच्या हातात दिला. तिने निखाऱ्यांवर ठेवला आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.