बोटीवरचा संडास आणि जावई

शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की अकोल्यातल्या माझ्या मैत्रिणी डोळे मोठे करतात. निळं पाणी, नारळाची झाडं, पांढरं शीड. मी त्यांना वास सांगत नाही. डिझेल, कधीच न वाळणाऱ्या गाद्या, आणि या सगळ्यांच्या वरताण संडास. अंदमानच्या उकाड्यात हे सगळं एका खोलीएवढ्या जागेत शिजत असतं. बोट ही नवऱ्याची हौस. रोज काहीतरी मोडतं, रोज तो ते उघडून बसतो आणि मी नाकाला ओढणी लावून वर जाऊन बसते. असा आमचा संसार.

गेल्या हिवाळ्यात आई आली, अकोल्याच्या जठारपेठेतून कुरडया आणि ठेच्याची बरणी घेऊन. आठवडा बरा गेला. मग एका सकाळी तिनं माझा हात धरून मला संडासात नेलं. भांडं काठोकाठ भरलेलं, आणि समुद्राचं पाणी ओढून घाण बाहेर ढकलणाऱ्या हातपंपाचा दांडा जागचा हलेना.

"जवाईबापूंले सांगू नको वं," ती कुजबुजली.

"आई, हे काम तेच करतात. मले काय येते त्यातलं?"

"ज्याचे मांडवात पाय धुतले, त्याले माहा संडास उपसायले लावू? त्यापेक्षा समुद्रात उडी मारतो मी."

ती थट्टा करत नव्हती. धोंड्याच्या महिन्यात अनारसे आणि चांदीचं ताट देऊन ज्याला ओवाळलं, त्याचे हात तिच्या घाणीत! तिचा चेहरा पाहून मी वाद घातला नाही. डिझेल आणायचं निमित्त काढून नवऱ्याला लहान होडीतून किनाऱ्यावर पिटाळलं.

आधी समुद्राकडची तोटी बंद करायची, नाहीतर बोटीत पाणी भरतं, एवढं ऐकून ऐकून पाठ होतं. तोटी बंद केली. नळीची क्लिप सोडली. नळी निघेना. दोन्ही पाय भिंतीला लावून ओढली, तर ती एकदम सुटली आणि आतलं सगळं माझ्या हातांवर, कुर्त्यावर, ओठांवर आलं. मी ओकले. मग त्या वासानं पुन्हा ओकले. शी! माणसाच्या पोटातून असलं निघतं आणि माणूस वरून अत्तर लावून मिरवतो. नळीच्या आत चुन्यासारखा टणक थर होता आणि मधे घट्ट बोळा. स्क्रूड्रायव्हरनं तो कोरून काढताना मी बोटीला, नवऱ्याला आणि त्याच्या हौसेला येतील तेवढ्या शिव्या घातल्या.

पण बोळा एवढा कोरडा कसा? घाण समुद्रात पोचेपर्यंत पंप मारत राहायचं असतं.

"आई, पंप किती वेळा मारत होतीस?"

"दोनदा. पाणी का फुकट येते?"

नळाची वाट पाहण्यात आणि पिंपं भरण्यात तिचा जन्म गेला. चहूकडे समुद्र, आणि ही बाई समुद्राचं पाणी वाचवत होती! एरवी मी लोळून हसले असते. पण तोंडात ती चव होती. "समुद्र का नळासारखा जाणार आहे?" मी खेकसले.

नळी जोडली, तोटी उघडली, फरशी पुसली, साबण संपेस्तोवर हात धुतले. नखांतला वास काही गेला नाही. वर आले तर आई शिडाच्या खांबाला टेकून बसलेली. ओठ पांढरेफटक, डोळे मिटलेले.

"काय झालं वं?"

"काही नाही. चक्कर येऊन राहिली."

"पाणी कधी प्यालीस?"

"काल. कालपासूनच पंप जड लागून राहिला होता. म्हटलं, प्यालंच नाही तर जावंबी लागणार नाही."

त्या उकाड्यात, कालपासून! मी धावत ग्लास भरून आणला. तिनं तो हातानं बाजूला सारला.

"आधी दाखव."

मी तिला धरून खाली नेलं आणि पंप मारून दाखवला. स्वच्छ पाणी भांड्यात फिरलं आणि खळखळत निघून गेलं. तिनं ते वाकून नीट पाहिलं.

"जवाईबापूंले कळणार नाही ना?"

"नाही कळणार."

तेव्हा कुठे माझ्या त्या वासाच्या हातातला ग्लास तिनं तोंडाला लावला, एका दमात संपवला आणि आणखी मागितला.