जानरावांचा डायल आणि काळी जमीन

मोताळ्याला कायमचे परत आले तेव्हा जानरावांच्या सामानात दोन पिशव्या कपडे, एक प्रेशर कुकर आणि पितळी कडी लावलेली एक लाकडी पेटी होती. तानाबाईंनी कपडे भिजवले, कुकर जावेला दाखवून आणला आणि मग पेटी उघडली. आत लाल मखमलीवर वीतभर लांबीची दांडी होती. दांडीच्या मधोमध घड्याळासारखी तबकडी, दोन्ही टोकांना अणकुचीदार सुया. शेजारी बारीक पोलादी तारेचं एक रीळ आणि ओळंबा.

"एकतीस वर्सं मुंबईत राह्यले अन् हे आनलं?" तानाबाई म्हणाल्या.

"हसन उस्तादनं देल्लं."

"चालते का?"

"चालते म्हंजे? एकदम बराबर चालते."

"मंग टाइम काऊन नाई दाखवत?"

जानरावांनी पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि कपाटावर ठेवली.

जानराव एकोणिसाव्या वर्षी मामाच्या ओळखीनं मुंबईच्या गोदीत, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. जहाजात बसून समुद्रावर ते एकदाही गेले नाहीत. जहाज धक्क्याला लागलं की त्याच्या पोटात उतरायचं, इंजिन उघडायचं, दुरुस्त करायचं आणि जिना चढून वर यायचं. जहाजाच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे मधला वळणावळणांचा फिरता दांडा, एखाद्या खोलीएवढा लांब असतो. त्याच्या प्रत्येक वळणाला समोरासमोर दोन जाड पोलादी पाट्या असतात. शाफ्ट सरळ बसला असेल तर फिरताना त्या दोन पाट्यांमधलं अंतर बदलत नाही. शाफ्टला खालून पेलणारं एखादं बेअरिंग वर-खाली झालं असेल तर ते उघडतं आणि मिटतं, पण डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. पेटीतली तबकडीची दांडी, तिला डायल म्हणतात, ती त्या पाट्यांच्या मध्ये बसवायची, शाफ्ट हातानं सावकाश फिरवायचा आणि काटा वाचायचा. काट्याचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तार होती ती सिलिंडरसाठी. सिलिंडरच्या मधोमध ती ओळंबा बांधून सोडली की तो शाफ्टवर नीट उभा आहे की कलला आहे ते कळतं.

हे सगळं त्यांना रत्नागिरीकडच्या हसन उस्तादांनी शिकवलं. पहिल्या दिवशी जानरावांकडे डबा नव्हता. उस्तादांनी आपल्यातली अर्धी भाकरी त्यांच्यासमोर ठेवली आणि घरी जाऊन बायकोला रोज दोन भाकऱ्या जास्त टाकायला सांगितलं. त्या दोन भाकऱ्या उस्ताद निवृत्त होईपर्यंत येत राहिल्या. पुढे कारखान्यानं जुनी हत्यारं मोडीत काढली तेव्हा उस्तादांनी रीतसर अर्ज करून हा डायल मागून घेतला आणि स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी जानरावांच्या हातात दिला. सोबत गेटपासही दिला. तानाबाईंनी तो गेटपास प्लास्टिकच्या पिशवीत घालून गॅसच्या पुस्तकाजवळ ठेवला. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला असावा म्हणून.

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांच्याच वयाचे पंजाबराव हमखास विचारायचे, "काय बे जानराव, नळगंगेच्या धरनात बोट आली म्हनते. तुले बोलावनं नाई आलं?"

"आलं होतं. पन पंजाबराव बसला तर बोट बुडते म्हने," जानराव सांगायचे. हसणं व्हायचं. घरी आल्यावर मात्र ते पेटी उघडून दांडीला तेलाचं बोट लावत बसायचे. तानाबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या.

तानाबाई तेव्हा सुचिताच्या डाळमिलमध्ये डाळ पाखडायला जात. सुचिता उंद्री गावची लेक. नवरा गेल्यावर तिनं माहेरी परत न जाता मोताळ्यात बचत गटाच्या बायकांना जमवलं आणि गावातल्या नारायणरावांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये ही मिल उभी केली. अकरा बायका होत्या. दिवसा थ्री फेज लाइटचा भरवसा नाही म्हणून शेडमधलंच जिनिंगचं जुनं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन तिनं चालू करून घेतलं. पहिल्याच वर्षी, ऐन भादव्यात, त्याचा क्रँकशाफ्ट मोडला. दुसरा शोधायला आठ महिने गेले, तोवर बायका जात्यावर जमेल तेवढी डाळ भरडत होत्या. हे इंजिन आता कुठे बनत नाही. खामगावच्या एका भंगारवाल्याकडे शेवटी एक निघाला, आणि तो देताना भंगारवाल्यानं सांगितलं, "ताई, हा जपा. यापुढे माह्याकडंही नाई अन् कोनाकडंही नाई." हा शाफ्ट गेला की इंजिन गेलं, आणि इंजिन गेलं की मिल. सुचिताच्या घरात छकुली नावाची सात वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू होती.

वैशाखात शाफ्ट बसवायची वेळ आली तेव्हा तानाबाई सुपातली डाळ खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, आमच्या घरी एक पेटी पडून हाये. माहा मानूस म्हनते का त्यानं शाफ्ट मोजता येते. खरं-खोटं त्यालेच मालूम."

जानराव पेटी काखेत मारून आले. आधी त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये तार सोडली. सिलिंडर नीट उभे होते. मग इंजिनाच्या बाजूचं झाकण काढून त्यांनी पाट्यांमध्ये डायल बसवला, शाफ्टच्या टोकाच्या जड चाकाला पहार लावून शाफ्ट सावकाश फिरवला आणि दर वळणाला एका फेऱ्यात पाच ठिकाणी काटा वाचला. पहिली दोन वळणं चांगली होती. तिसरं, चाकाजवळचं, नव्हतं. काटा बावीस घरं हलला.

"तार इकून तिकून वाकवली का तुटते ना, तसं होऊन राह्यलं," ते सुचिताला म्हणाले. "दर फेऱ्याले थोडा थोडा वाकते. डोयाले दिसत नाई, पन एक दिवस मोडते."

चाकाच्या पलीकडचं बेअरिंग वेगळ्या चौथऱ्यावर होतं आणि ते खाली बसलं होतं. जानरावांनी त्याच्याखाली कागदासारखे पातळ पत्रे सरकवले, बोल्ट आवळले, पुन्हा मोजलं, पुन्हा सैल केले. दोन दिवस हे चाललं. शेवटी काटा दोन घरांच्या वर हलेना. इंजिन सुरू झालं तेव्हा चौथऱ्यावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. पंजाबराव मुद्दाम पाहायला आले आणि पेल्यातलं पाणी पिऊन गेले. जानराव म्हणाले, "आता शंभर वर्सं नाई हालत."

ते हललं पोळ्याच्या आठ दिवस आधी. मूग यायला लागला होता, शेडच्या दारात पोती उतरत होती. तानाबाईंनी पाखडता पाखडता कान टवकारले. इंजिनाच्या आवाजात मधेच एक ठोका येत होता. त्यांनी सुचिताला इंजिन बंद करायला लावलं आणि नवऱ्याला बोलावून घेतलं.

काटा तीस घरं हलत होता. तेही उलट्या बाजूला. म्हणजे बेअरिंग आता खाली नव्हतं, वर चढलं होतं.

जानरावांनी डायल बाहेर काढून पुसला, पुन्हा लावला. तीसच. बोल्ट हातानं चाचपले. मग ते ताठ उभे राहिले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "पत्रे कोनी टाकले याच्याखाली?"

"कोनीच नाई काका," सुचिता म्हणाली.

"असं कसं? आपोआप चढलं काय बेअरिंग? मी दोन घरांवर आनून ठेवलं होतं."

"काका, हे इंजिन बंद पडलं तर माह्यं काय होईन हे मले ठाऊक हाये. मी कोनाले हात लावू देईन का?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण ती तोंड फिरवून पोत्यांकडे गेली आणि शेतकऱ्यांना मूग दुसऱ्या मिलवर न्यायला सांगू लागली. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. जानरावांनी पेटी बंद केली आणि ते निघाले. मागोमाग तानाबाई निघाल्या. वाटभर त्यांनी छत्री नवऱ्याच्या डोक्यावर धरली नाही.

घरी पोचल्यावर तानाबाईंनी कुलूप काढलं आणि दाराला खांदा लावला. दार हललं नाही. त्यांनी दोन पावलं मागे येऊन पुन्हा धडक दिली तेव्हा ते करकरत उघडलं.

"सुताराले बोलावलं तर दाराले रंधा मारून घेता येईन," जानराव म्हणाले.

"अन् उन्हायात? उन्हायात कडी पोचत नाई कोयंड्यापर्यंत, मंग दोरीनं बांधू का?" तानाबाईंचा राग तोंडाशीच होता. "लाकूडच फुगते असं नाई. खाली कायी जमीन हाये. पान्यानं फुगते, उन्हानं फाटते. हे घर वर्सातून एकदा वर चढते अन् एकदा खाली बसते. न्हानीच्या भिंतीतली भेग मी दर चैतात बुजवते, दर आखाडात ती आपोआप मिटते. तुमाले कसं मालूम असंन? एकतीस वर्सांत एक पावसाया तरी घरी काढला का तुमी?"

काढला नव्हता. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी दुरुस्तीला लागत, गोदीत पाय ठेवायला जागा नसे आणि सुट्टी कोणालाच मिळत नसे. जानराव दिवाळीला येत आणि मे महिन्यात येत. हे घर सात वर्षांपूर्वी तानाबाईंनी एकट्यानं, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलं होतं. लहानपणचं घर मुरमाच्या टेकाडावर होतं; काळ्या जमिनीवरच्या घरात जानरावांचा हा पहिला पावसाळा होता.

ते ओल्या चपला घालूनच खाटेवर बसले. हसन उस्ताद कामाच्या वहीत काट्याच्या आकड्यांच्या वर नेहमी दोन गोष्टी लिहायला लावत: जहाज भरलेलं की रिकामं, आणि इंजिन गार की गरम. भरलेलं जहाज पाण्यात वाकतं, रिकामं वेगळं वाकतं, आणि त्याच्यासोबत शाफ्टही. ज्या आकड्याच्या वर हे लिहिलेलं नाही तो आकडा उस्ताद खोडून टाकत. जहाजावर जानराव हे एकदाही विसरले नव्हते. मोताळ्यात त्यांनी नुसते आकडे लिहिले, कारण खाली जमीन होती आणि त्यांच्या मते जमीन हलत नाही.

"नारायनरावाचं जिनिंग कवा चालायचं?" त्यांनी विचारलं.

"दिवाईपासून शिमग्यापर्यंत. कापूस काय पावसायात येते?"

म्हणजे चाळीस वर्षं हे इंजिन फक्त सुक्या दिवसांत चाललं होतं. पावसाळ्यात ते चालवणारी सुचिता पहिलीच. पहिला शाफ्ट भादव्यात का मोडला ते आता कोणालाही कळलं असतं.

जानराव उठले. "चाल," ते तानाबाईंना म्हणाले.

"कोठी?"

"मिलवर. मले त्या पोरीची माफी मांगाची हाये. अन् तू सांग तिले जमिनीचं. तूच सांग."

सुचिता शेडच्या उंबऱ्याजवळ बसली होती. जानरावांनी दहा बायकांसमोर हात जोडले. "बाई, मी आमच्या कामातली पहिली गोष्टच विसरलो अन् खापर तुमच्या डोक्शावर फोडलं. चुकलो."

"काका, हात नका जोडू. शाफ्ट वाचते का ते सांगा."

"वाचते. अजून चीर नाई गेली, पाह्यलं मी. तानाबाईनं टायमावर बंद कराले लावलं म्हनून."

मग तानाबाईंनी शेडच्या कोपऱ्यात नेऊन दाखवलं. छपराच्या पत्र्यावरचं सगळं पाणी पन्हाळीतून बरोबर त्या वेगळ्या चौथऱ्याच्या बाहेरच्या अंगाला पडत होतं. तिथली माती फुगून वर आली होती. हे त्या रोज बघत होत्या, पण इंजिनाशी त्याचा संबंध असेल हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि जानरावांनी कोणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पन्हाळ वळवली. जानरावांनी बेअरिंगखालचे पत्रे कमी केले, काटा पुन्हा दोन घरांवर आला आणि चौथ्या दिवशी मूग भरडायला घेतला. दुसरीकडे गेलेल्या शेतकऱ्यांपैकी निम्मे परत आले. उरलेले पुढच्या वर्षी आले.

याला आता तीन वर्षं होतील. शाफ्ट तोच आहे. बेअरिंगच्या पत्र्यांचे तीन डबे सुचितानं फळीवर ठेवले आहेत, त्यांच्यावर छकुलीनं खडूनं लिहिलं आहे: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. वर्षातून तीनदा डायल लागतो. आता पहार जानराव धरतात आणि काटा सुचिता वाचते, कारण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. पंजाबराव टपरीवर आता बाहेरगावच्या माणसांना सांगतात की मोताळ्यात एक जहाजाचा इंजिनियर आहे. जानराव त्यांना फिटर म्हणायला सांगतात, ते ऐकत नाहीत.

गेल्या पोळ्याच्या सुमारास तानाबाई मिलमध्ये चष्मा लावून वही पाहत बसल्या होत्या. पानावर रेघा मारून रकाने केले होते: तारीख, काट्याचे पाच आकडे, इंजिन गार की गरम, जमीन ओली की सुकी. त्यापुढे, शेवटच्या बिनमथळ्याच्या रकान्यात, प्रत्येक ओळीला एकच नाव होतं.

"इथं माह्यं नाव काऊन लिवलं?" त्यांनी विचारलं.

"जमीन कशी हाये ते तूच सांगते ना. जो सांगते त्याचं नाव लिवा लागते. कामाची रीत हाये," जानराव म्हणाले.

तानाबाईंनी पानं मागे उलटली. "अन् पयल्या पानावर हे कोनाचं?"

"हसन उस्तादचं."

"मंग ठीक हाये. त्याईच्या खाली राहू द्या माह्यं," त्या म्हणाल्या आणि वही मिटून सूप घ्यायला उठल्या. जानराव आणखी काही सांगणार होते, पण तेवढ्यात सुचितानं इंजिन सुरू केलं आणि मग कोणाचं काही ऐकू आलं नाही.