मे महिन्यातला खड्डा

सासऱ्यांच्या हृदयातली झडप बदलली त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी सातला घ्यावी लागते आणि महिन्यातून एकदा रक्त तपासून घ्यावं लागतं. तपासणीत एक आकडा येतो. तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये असावा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. खाली गेला तर रक्ताची गुठळी व्हायची भीती, वर गेला तर रक्त वाहायची. मला एवढंच कळत होतं, आणि एवढं कळलं तरी पुरे, असं मी धरून चालले होते.

घरात बाबा, म्हणजे सासरे, आणि मी असे दोघंच असतो. सासूबाई मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेल्या. नवरा दहेजच्या एका कारखान्यात आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटेच्या बसने जातो. बाबा रेल्वेतून निवृत्त झाले. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या आमच्या घरात सकाळचा चहा, अंघोळ, पेपर, सगळं ठरल्या वेळी. पेन्शन हातात आली की पहिल्या दहा-बारा दिवसांत तपासणी करून येणं हाही त्यांचा नेमच. तपासणीच्या चिठ्ठ्या ते एका टाचणीला लावून ठेवत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा आकडा एकदम साडेचारच्या वर गेला. सयाजीगंजमधल्या डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले की गेल्या महिन्यात तर हाच आकडा इतका खाली होता की मी गोळी वाढवली होती. असं वरखाली का होतंय? गोळी चुकते का? बाबा म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी मला सांगितलं की या वर्षातल्या सगळ्या चिठ्ठ्यांचा तारीखवार आलेख काढून आणा, म्हणजे काय ते दिसेल.

मी मकरपुऱ्यात एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत प्लॅनिंगला आहे. दिवसभर एक्सेलच उघडलेलं असतं. पण आमच्या तक्त्यांत तारखा नसतात, आठवड्यांचे नंबर असतात, आणि आलेख मला कधी काढावे लागत नाहीत. तरी वाटलं, यात काय अवघड आहे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून चिठ्ठ्या काढल्या. डाव्या रकान्यात तारखा, उजव्या रकान्यात आकडे. दहा चिठ्ठ्या, दहा ओळी. दोन्ही रकाने निवडले, आलेखाचं बटण दाबलं, आणि रेष उमटली.

खाली महिन्यांची नावं होती. रेष जवळजवळ सगळीकडे मधल्या पट्ट्यात चालत होती, जूनमध्ये एक उंच टोक होतं, आणि मे महिन्यात ती सरळ खाली कोसळली होती. दीडपर्यंत.

माझी नजर त्या खड्ड्यावरून हलेना. मे महिन्याच्या सुरुवातीला बाबा दहा दिवस सुरतला आत्यांकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे, राहिले होते. आत्यांच्या नातीचं लग्न होतं. तिथली जागरणं, पाहुणे, जेवणाच्या पंगती. संध्याकाळी सात वाजता गोळीची आठवण कोणाला राहणार? मला वाटलं, सापडलं. उलट थोडं बरंच वाटलं की कारण इतकं साधं निघालं. जूनमधलं उंच टोक मात्र कळेना. आणि डॉक्टर जो ऑक्टोबरचा आकडा म्हणत होते तो जूनमध्ये कसा, आणि गेल्या महिन्यातला खालचा आकडा कुठे गेला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. कागद छापून पर्समध्ये ठेवला आणि कामाला लागले.

संध्याकाळी बाबांना कागद दाखवला. शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं की बाबा, सुरतला गोळ्या चुकल्या असतील तर हरकत नाही, लग्नघरात असं होतं, फक्त डॉक्टरांना खरं सांगू या.

त्यांनी चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "सुरतला मी एकही गोळी चुकवलेली नाही. तुझ्या आत्यासासूंना विचार. मी पानावरून उठून गोळी घेतली आहे."

मी म्हणाले की मी कुठे काही म्हणते आहे, पण कागदावर तर दिसतंय. हे वाक्य मी बोलायला नको होतं. बाबांनी कागदाची घडी घालून मला परत दिली आणि आत गेले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले, पण कामापुरतंच. दूध आलं. गॅस संपत आलाय. मला राग येत होता आणि लाजही वाटत होती. कागद खोटं कशाला बोलेल, आणि बाबा तरी खोटं कशाला बोलतील? आत्यांना फोन करावा असं चार वेळा मनात आलं आणि चारही वेळा वाटलं की ते फारच वाईट दिसेल.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात तोच आलेख उघडून बसले होते. आमच्याकडे स्टोअरला एक वयस्कर गुजराती भाई आहेत, निवृत्तीला आलेले. ते कसलीशी सही घ्यायला आले आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभे राहिले. मग बोट लावून म्हणाले, "बेन, डिसेंबर तो हजी आव्यो नथी ने?"

मी पाहिलं. खरंच, रेष डिसेंबरपर्यंत गेली होती. नोव्हेंबरात एक ठिपका, डिसेंबरात एक. आणि आम्ही तर ऑक्टोबरात होतो. दोन दिवस मी त्या रेषेकडे बघत होते आणि अजून न आलेल्या महिन्यांतली बाबांची तपासणी मला दिसली नव्हती.

भाईंनी खुर्ची ओढली. त्यांना स्टोअरच्या मालाच्या तारखांमुळे हा त्रास आधी झालेला होता. त्यांनी समजावलं की हा नवा लॅपटॉप परदेशी पद्धतीने लावलेला आहे, त्याला आधी महिना आणि मग दिवस वाचायची सवय. आपण बारा मार्च म्हणून बारा-तीन लिहितो, तो त्याला तीन डिसेंबर समजतो. बाबांच्या सगळ्या तारखा महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या, त्यामुळे त्याला एकही तारीख खोटी वाटली नाही. तेरा तारीख असती तर तेरावा महिना कुठला म्हणून तो अडखळला असता. रकान्यात बघितलं तर तारखा मी लिहिल्या तशाच दिसत होत्या, आत मात्र दिवस आणि महिन्याची जागा बदललेली.

त्यांनी सेटिंग बदललं आणि मी दहाही तारखा पुन्हा लिहिल्या, या वेळी महिन्याचं नाव अक्षरांत घालून. रेष बदलली. मे महिना सपाट झाला, अगदी शहाण्यासारखा. उंच टोक जूनमधून ऑक्टोबरात गेलं, जिथे ते असायला हवं होतं. आणि खड्डा सप्टेंबरात गेला. पाच सप्टेंबर. पाच-नऊ. यंत्राने त्याचा नऊ मे केला होता.

पाच सप्टेंबरला मी हॉस्पिटलात होते. मला डेंग्यू झाला होता आणि सहा दिवस सलाइनवर होते. नवरा रजा मिळेल तसा येत-जात होता, बाकी वेळ बाबाच माझ्याजवळ बसलेले. मग हा खड्डा कशाचा? पळापळीत त्यांच्या खाण्याचे हाल झाले असतील, असं मला वाटलं. पण तो विचार मी तिथेच सोडला, कारण मला आधी माफी मागायची होती.

त्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरून थेट घरी आले. बाबा खिचडीला फोडणी देत होते. मी नवा कागद ओट्यावर ठेवला आणि म्हणाले की बाबा, चूक माझी होती, तारखा उलट्या वाचल्या गेल्या होत्या, सुरतला तुमचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि कागद उजेडाकडे धरला. मला वाटलं आता ते म्हणतील, मी सांगत नव्हतो?

ते म्हणाले, "हा सप्टेंबरचा मात्र माझा आहे."

मला कळलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग जे सांगितलं ते अधूनमधून थांबत सांगितलं. मी ॲडमिट झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांच्या हनुवटीला कापलं आणि रक्त थांबेना. अर्धा तास ते टॉवेल दाबून बसले. मग हॉस्पिटलात आले तर तिथे डॉक्टर माझ्या प्लेटलेट कमी होताहेत, कुठून रक्त येतंय का लक्ष ठेवा, असं त्यांनाच बजावत होते. दिवसभर माझ्या हिरड्या बघायच्या, आणि हनुवटीला आपला रुमाल. त्या संध्याकाळी त्यांनी गोळीचे दोन तुकडे केले आणि अर्धाच घेतला. असं अकरा दिवस.

"मला काही झालं असतं तर तुझ्याजवळ कोण बसलं असतं?" ते म्हणाले. "आणि तू पडलेली असताना तुला काय सांगायचं?"

पाच तारखेला तिथल्याच लॅबमध्ये त्यांनी रक्त दिलं, आकडा दीड आला, डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवली. मी घरी येऊन हिंडूफिरू लागल्यावर बाबांनी अर्धी गोळी सोडून वाढवलेली पुरी गोळी सुरू केली. म्हणून ऑक्टोबरात आकडा वर. तोपर्यंत खरं सांगायची वेळ निघून गेली होती, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'नाही' हा शब्द तोंडातून निघून गेला.

मी माफी मागायला आले होते आणि आता रागवायचं का रडायचं तेच कळेना. जो आकडा दाखवून मी त्यांना खोटं पाडलं होतं, तो आकडा त्यांचाच होता. फक्त मी तो चुकीच्या महिन्यात पकडला होता. सुरतबद्दल ते खरं बोलत होते आणि गोळीबद्दल नव्हते. आणि गोळीबद्दल नव्हते ते माझ्यासाठी. गुठळी झाली असती तर? हे मी मोठ्याने विचारलं. ते म्हणाले, "ते मला माहीत होतं." मग खिचडी लागल्याचा वास आला आणि आम्ही दोघंही गॅसकडे धावलो.

शनिवारी नवरा आला तेव्हा बाबांनी त्याला स्वतःच सगळं सांगितलं. तो त्यांच्यावर चिडला, मग माझ्यावर, की घरात राहून तुला कसं दिसलं नाही. जे दहा आकड्यांत दिसलं नाही ते तापात पडल्या पडल्या कसं दिसणार, असं म्हणावंसं वाटलं, पण ते पुरेसं खरं नव्हतं.

नवऱ्याने एक दिवस रजा टाकली आणि सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. बाबांनी काही न लपवता सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले की दाढीचं कापलेलं या गोळीमुळे उशिरा थांबणारच, पण दर वेळी फोन करून विचारा, गोळी मनाने कापू नका. गोळी त्यांनी जुन्या मात्रेवर आणून ठेवली. पुढच्या महिन्यात आकडा तीनच्या आसपास आला.

आता बाबा मला सगळंच सांगतात, जरा जास्तच. विळीवर बोट लागलं की ऑफिसात फोन येतो. डास चावला तरी येतो. मी मीटिंगमध्ये असले तर ते निरोप ठेवत नाहीत, पुन्हा करतात. मी वैतागते आणि उचलतेच. कधी कधी त्यांचं सांगून झालं की ते विचारतात, "आणि तू बरी आहेस ना?" मी हो म्हणते. ते थोडा वेळ फोन ठेवत नाहीत, आणि मला कळत नाही की त्यांना माझ्या हो वर विश्वास बसला आहे की नाही.