आरतीची चार मिनिटं

चैत्र आला की मला आधी गुलाबी रंग आठवतो. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दोन थेंब, एक शेळीच्या रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, दुसरा बाटलीतल्या गुलाबी औषधाचा. ते काडीनं एकत्र करायचे आणि पाळणा हलवावा तशी फरशी हातात धरून हलवायची. चार मिनिटं. थेंब गुळगुळीत राहिला तर शेळी निरोगी. रव्यासारखे बारीक कण दिसले तर तिला गाभ टाकायला लावणारा रोग झालाय, आणि तो कच्च्या दुधातून माणसालाही होतो.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तो कागद हातात आला त्या दिवशी आईनं मला गोठ्यात नेलं आणि शेळीपुढं उभं केलं. म्हणाली, "हिच्या दुधावर तुझा एसटीचा पास निघाला. हिलाबी दाव." शेळीनं कागदाचा कोपरा चाटला. तो डाग अजून आहे. म्हणून धाराशिवच्या जनावरांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा मला ते देणं फेडण्यासारखं वाटलं.

तिथले जुने तंत्रज्ञ येरमाळ्याचे. सगळे त्यांना मामा म्हणत. सुईतून थेंब सोडायचा कसा, फरशी पुसायची कशी, सगळं मी त्यांच्या हाताकडं बघून शिकले. भिंतीवर घड्याळ होतं, पण मामा तिकडं बघत नसत. फरशी हलवताना डोळे मिटून मनात देवीची आरती म्हणायचे. दोनदा म्हटली की चार मिनिटं.

"घड्याळाचा सेल संपतो," ते म्हणायचे, "आरतीचा न्हाय."

त्याच उन्हाळ्यात साहेबांनी मला एक काम दिलं. ही तपासणी जिल्ह्यात कुणीही, कुठंही केली तरी एकसारखी व्हावी, म्हणून तिची पद्धत लिहून काढायची. 'वेळ' या शब्दापाशी माझा पेन थांबला. 'चार मिनिटं' लिहिलं खरं, पण मामांच्या पाठीमागं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी तामलवाडीच्या एक मावशी आल्या. त्यांच्या काळ्या शेळीनं गाभ टाकला होता, रक्त आमच्याकडं आलं होतं आणि 'रोग आहे' असा कागद गेला होता. शेळी ठेवू नका, असं त्यांना गावात सांगितलं होतं.

"पोरी, कागुद बराबर हाय का, तेवढं बघ की. न्हाय म्हनत न्हाय मी. बराबर आसंल तर देते सोडून. पन नातू तिच्याच दुधावर वाढलाय."

कागदावर अक्षर मामांचं होतं. त्या रक्ताचा उरलेला नमुना फ्रीजमध्ये होता. मी तो काढला आणि घड्याळ लावून तपासला. थेंब गुळगुळीत.

मावशी बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. माझा डबा तसाच राहिला. मामा चुकले असतील तर शेळी फुकट जाणार. मी चुकले असेन तर त्या पोराच्या पोटात रोग जाणार. शेवटी मामांना सांगितलं.

ते बराच वेळ हात पुसत राहिले. "म्हंजी मी चुकलो, म्हनतीस?"

"न्हाय मामा. दोघं मिळून बघू. तुम्ही आरती म्हणा, मी घड्याळ बघते."

येरमाळ्याच्या देवीची चैत्रातली यात्रा चार दिवसांवर आली होती. मामांची आरती आता मनात मावत नव्हती. ओठांवर आली होती आणि एकेक ओळ डोंगर चढल्यासारखी सावकाश वर जात होती. फरशी हलत होती. वर पंखा फिरत होता. खिडकीतून ऊन आत येऊन थेंबात बसलं होतं आणि मला वाटलं, आपण तिघंही, मी, मामा आणि तो थेंब, कुठंतरी तरंगतोय.

चार मिनिटं झाली. थेंब गुळगुळीत. मामांची आरती अजून चालूच होती. पाच झाली. सहा झाली. थेंबाची कड वाळायला लागली आणि तिथं बारीक कण उमटले.

मामांनी डोळे उघडले. "हे बघ. कण."

मी घड्याळाकडं बोट केलं. मामांनी घड्याळ बघितलं, मग वर पंख्याकडं, मग पुन्हा थेंबाकडं.

"यात्रंच्या दिसात आरती लांबतीच की गं," ते हळूच म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतः पंखा बंद केला.

पुन्हा तपासलं. या वेळी शेजारी दोन माहीत असलेले नमुने ठेवले, एक रोगी, एक निरोगी. घामानं आमचे कपडे चिकटले. रोगी नमुन्यात मिनिटाच्या आत कण आले. मावशींच्या थेंबात चार मिनिटं झाली तरी काहीच नाही.

मामाच बाहेर गेले. "मावशी, चूक माझी झाली. पन एवढ्यावर सोडायचं न्हाय. तीन आठवडे वेगळी बांधा, दूध उकळल्याबिगर कुनाला देऊ नका, मग परत रक्त बघू."

"वेगळी बांधली की वरडती लई."

"वरडू द्या. जित्ती हाय म्हनून वरडती."

मी लिहीत असलेल्या पद्धतीच्या कागदावर 'वेळ' या शब्दापुढं मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : घड्याळावर. पंखा बंद.

"आणि आरती?" मी विचारलं.

"फरशी खाली ठेवल्यावर."

तीन आठवड्यांनी मावशी शेळीलाच रिक्षात घालून घेऊन आल्या. रक्त काढलं, त्यातलं पाणी वेगळं होईपर्यंत थांबलो. पंखा बंद. मी घड्याळापाशी, मामा फरशी हलवताहेत, दारात मावशी. चौथं मिनिट संपलं. थेंब गुळगुळीत, गुलाबी, आरशासारखा.

मामांनी फरशी खाली ठेवली आणि मग आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला मावशींनी सूर धरला. बाहेर लिंबाला बांधलेली शेळी जोरात ओरडली, तशी मावशी आरती अर्धवट टाकून तिच्याकडं निघाल्या.

"आले गं बाई, आले. चल घरला."