सव्वीस जानेवारीचे मानकरी

आमच्या शहरात सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की फुटबॉलचा एक सामना व्हायचा, आणि तो दरवर्षी त्याच दोन क्लबांत व्हायचा. एक आमचा, गावातला. दुसरा नाशिकरोडचा. त्या दिवशी त्या मैदानावर तिसऱ्या कुणी खेळायचं नाही असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. नगरपालिकेकडून मैदानाची परवानगी एक समिती काढायची आणि त्या समितीत या दोन क्लबांशिवाय कुणी नव्हतं, एवढंच.

मी त्या सामन्यात अकरा वर्षं गोलकीपर होतो. चांगला होतो असं म्हणणार नाही. उंच होतो, आणि आमच्या क्लबात उंच माणसांची वानवा होती. शिवाय आमचा फुलांचा मळा. दोन्ही कॅप्टनांच्या गळ्यात पडणारे झेंडूचे हार आमच्या घरून जायचे, म्हणून माझी जागा पक्की आहे असं मला चिडवत. ते अगदीच खोटं नसावं.

सामना कसा सुरू झाला याची गोष्ट जुनी मंडळी दरवर्षी सांगत. देश प्रजासत्ताक झाल्यावर दोन-तीन वर्षांत या दोन क्लबांनी तो सुरू केला. मैदानात तेव्हा धोंडे होते, बाभळी होत्या. मंडळींनी त्या हाताने तोडल्या, धोंडे वेचले, फक्की मारून रेघा आखल्या. मी क्लबात आलो तेव्हा या गोष्टीत दोन बाभळी होत्या. मी खेळायचं सोडलं तोवर तिथे जंगल झालं होतं. पण कष्ट खरे होते, हे मला मान्य आहे. आणि लोक यायचे तेही खरं. एरवी लीगच्या सामन्याला पाच-पन्नास टाळकी असायची. सव्वीस जानेवारीला मैदानाभोवती दोरी बांधावी लागायची. घराघरांत फूट पडायची, सासरा गावातला आणि जावई नाशिकरोडचा. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना मिसळ खाऊ घालायची.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो. माझ्यासमोरच्या टेबलावर माझ्याच वयाचा एक जण बसायचा. शहरातल्या द्वारका चौकाच्या पलीकडे बौद्ध वसाहत होती, तिथला. वसाहतीचा फुटबॉल संघ होता आणि हा त्याचा सेंटर हाफ. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. त्याच्या घरची शेंगदाण्याची चटणी मी संपवायची आणि आमच्या मळ्यातली वांगी त्याने, असा क्रम ठरून गेला होता. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ दुसऱ्या कुणासमोर बसलेलो नाही, त्यात माझी बायकोही आली.

त्यांच्या वसाहतीत सव्वीस जानेवारी म्हणजे चौदा एप्रिलखालोखालचा दिवस. आमच्या घरी ती एक सुट्टी होती. त्यांच्याकडे पहाटे अंघोळी होत, पांढरे कपडे निघत, झेंडा चढला की सगळे मिळून घटनेची उद्देशिका म्हणत. मग बायकापोरांसह सगळी वसाहत चालत मैदानावर येई आणि दोरीमागे उभी राहून आमचा सामना बघे. तो विसाव्या वर्षापासून असा बघत आला होता. आता छत्तीसचा होता. उजवा गुडघा सुजायचा, तर टेबलाखाली पट्टी गुंडाळत बसायचा.

ही गोष्ट ज्या हिवाळ्याची, त्या हिवाळ्यात लीगमध्ये वसाहतीचा संघ पहिला आला. नाशिकरोडचा दुसरा आणि आम्ही तिसरे. वसाहतीने आम्हाला तीन-शून्य मारलं होतं आणि तिन्ही गोल अर्थातच माझ्यावर झाले होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत तो त्याबद्दल एकच वाक्य बोलला. "तिसरा तुझ्या तंगड्यांतून गेला, एवढं मात्र सांगायला पाहिजे."

मग वसाहतीने समितीला अर्ज लिहायचं ठरवलं. यंदापासून लीगमध्ये जे दोन संघ वर येतील त्यांनी सव्वीस जानेवारी खेळावी, इतकंच त्यात होतं. मसुदा तो मला दाखवायला घेऊन आला. मी कारकुनी सवयीने पेन काढलं आणि 'मागणी' खोडून 'विनंती' केलं.

त्याने ते वाचलं. "विनंती तर विनंती," तो म्हणाला. "मला त्या दिवशी एकदा खेळायचंय रे. आमची सगळी माणसं तिथे असतात. गुडघा हे एक वर्ष काढेल, पुढचं काही खरं नाही."

"होईल," मी म्हणालो. मी समितीत होतो. आमच्या क्लबाचे तीन, नाशिकरोडचे तीन, आणि वर अध्यक्ष म्हणून एक वयस्क वकीलसाहेब.

बैठक वकीलसाहेबांच्या ओसरीवर एका रविवारी सकाळी झाली. पोहे झाले, चहा झाला आणि अर्ज वाचला गेला. आमच्या क्लबाचे सेक्रेटरी लगेच पेटले. "आम्ही मैदान केलं, आम्ही लोक जमवले, आणि आता हे आयत्या बिळात नागोबा!" त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. लोक त्या दोन नावांसाठी यायचे. उद्या वेगळेच दोन संघ उतरले तर सासरा आणि जावई कशाला भांडतील? भांडण गेलं की गर्दी गेली, गर्दी गेली की दिवस गेला.

आमचा दुसरा सभासद मूळचा विंचूरकडचा, कांद्याचा अडत्या. तो म्हणाला, "आमच्या गावात जत्रंला पैला नारळ पाटलाचा. लय वर्षं झाली, कोनी इचारलं नाय, का म्हनून. मान हाय तो. मान काय अर्ज करून मिळतो का?"

यावर नाशिकरोडचा एक जण, कारखान्यात फिटर होता, शांतपणे म्हणाला, "जत्रा देवाची असते. सव्वीस जानेवारी कुणाची?"

तो दिवस ज्या घटनेचा, ती लिहिणाऱ्याची तसबीर वसाहतीतल्या प्रत्येक घरात होती आणि आमच्या क्लबाच्या खोलीत नव्हती, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ज वसाहतीऐवजी दुसऱ्या कुणाचा असता तर सेक्रेटरी इतके पेटले असते का, हाही प्रश्न ओसरीवर होता. तो कुणी विचारला नाही. मीही नाही.

वकीलसाहेब सरळ माणूस. मतं घेण्याआधीच म्हणाले, "हे बघा, बरोबरी झाली तर माझं मत मी अर्जाच्या बाजूने देणार. दिवसच तसा आहे. पण तुमचं बहुमत विरोधात गेलं तर मी आड येणार नाही." मग त्यांनी अर्जाच्या बाजूचे हात वर करायला सांगितले. नाशिकरोडच्या तिघांपैकी दोघांचे हात वर गेले. तिसऱ्याचा नाही. आमच्या दोघांचे तर नाहीच नाही. राहिलो मी. माझा हात वर गेला असता तर तीनास तीन झाले असते आणि वसाहतीचा संघ मैदानात उतरला असता. हे गणित तिथे बसलेल्या प्रत्येकाला येत होतं.

मी हात वर केला नाही.

का, ते सांगतो. सेक्रेटरींची भीती वाटली असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. आम्ही लीगमध्ये तिसरे होतो. अर्ज मंजूर झाला असता तर सव्वीस जानेवारीला मी दोरीमागे उभा राहिलो असतो. मला खेळायचं होतं. त्यालाही तेच हवं होतं, आणि मला ते दरवर्षी मिळत होतं. इतकं साधं आहे. मी मूग गिळून बसलो आणि अर्ज चार विरुद्ध दोन असा नामंजूर झाला.

यानंतर समितीने जे केलं ते फक्त आम्हालाच सुचू शकतं. वकीलसाहेबांना चुटपुट लागली होती. ते म्हणाले, वसाहतीच्या लोकांना अगदी विन्मुख पाठवायला नको, काहीतरी मान त्यांनाही द्यावा. तेव्हा कुणीतरी सुचवलं की सामन्याआधी घटनेच्या उद्देशिकेचं वाचन करावं आणि ते त्यांच्या कॅप्टनने करावं. त्यांच्याकडे दरवर्षी म्हणतातच, उच्चार स्वच्छ असतात. सगळ्यांना हायसं वाटलं. साप मेला आणि काठीही मोडली नाही. त्यात काय लिहिलंय, हे सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि निरोप द्यायला मला पाठवलं, कारण मी त्यांच्या कॅप्टनच्या समोर बसतो.

तो कॅप्टनही होता, हे सांगायचं राहिलं.

सोमवारी मी त्याला सांगितलं, "बहुमत झालं नाही रे." हे वाक्य खरं होतं. मग उद्देशिकेचं सांगितलं.

"वाचायचं?"

"हो. सामन्याच्या आधी. माइकवरून."

"म्हणजे आम्ही ते वाचायचं आणि तुम्ही खेळायचं."

"तसं नाही रे," मी म्हणालो. पण तसंच होतं.

तो बराच वेळ फाइलीची नाडी बांधत बसला. मग म्हणाला, "वाचतो. ते वाचायला मी नाही कसं म्हणू?"

त्या दिवशी तो पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट घालून आला. हातात कागद नव्हता, त्याला ते पाठ होतं. आम्ही बावीस जण रांगेत उभे. कॅप्टनांच्या गळ्यात आमच्या मळ्यातले हार. दोरीमागे त्याची वसाहत उभी होती आणि ती त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. संधीच्या समानतेची ओळ आली तेव्हा त्याने आवाज चढवला नाही की उतरवला नाही. आमच्याकडे पाहिलंही नाही. मला लाज वाटली. वाचन संपवून तो दोरीखालून वाकून आपल्या माणसांत जाऊन उभा राहिला. पुढे नव्वद मिनिटं मी फार छान खेळलो, हेही सांगून टाकतो. सामना आम्ही जिंकला आणि नाशिकरोडवाल्यांची मिसळ खाल्ली.

पुढच्या हिवाळ्यात लीगच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, काठी आली, मग काठी गेली, पण खेळणं काही परत आलं नाही. कचेरीत जिना चढताना तो एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून चढायचा. मी त्याच्या मागून चढायचो, त्याच्या चालीने. आमचे डबे चालू होते. मी त्याला सांगायचं ठरवून घरून निघायचो आणि दुपारपर्यंत काहीतरी वेगळंच बोललेलो असायचो. महागाईभत्ता, बदल्या, मुलांचे मार्क.

दोन क्लबांनी तो मान कधी सोडला नाही. मानाला कुणी विचारेनासं झालं म्हणून तो सुटला. नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. घरोघर टीव्ही आले आणि सव्वीस जानेवारीच्या सकाळी लोक दिल्लीची परेड बघत बसू लागले. नाशिकरोडच्या क्लबाचे अकरा जण जमेनात. आमच्या सेक्रेटरींचे स्वतःचे जावई क्रिकेटवाले निघाले. दोरी बांधायची गरज उरली नाही, तरी आम्ही ती बांधत होतो. शेवटी एका वर्षी समितीने एकमताने ठराव केला की यापुढे लीगमधले पहिले दोन संघ खेळतील. एकमताने! ज्याच्यासाठी आम्ही ओसरीवर तोंडं फिरवून बसलो होतो, ते आम्ही चहाच्या एका कपात देऊन टाकलं. तोवर त्या अर्जाला सात वर्षं झाली होती.

त्या वर्षी वसाहतीचा संघ खेळला. सगळी नवी मुलं होती, काही तर त्याने शिकवलेली. आमचा क्लब पाचवा आला होता आणि मी तसंही खेळायचं केव्हाच सोडलं होतं. गर्दी बेताचीच, पण वसाहत मात्र सगळी आली होती, पांढऱ्या कपड्यांत. तो दोरीला टेकून उभा होता. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

पहिला अर्धा वेळ आम्ही खेळाबद्दलच बोललो. त्यांचा सेंटर हाफ चेंडू फार वेळ पायात ठेवतो, असं त्याचं मत पडलं. मी म्हणालो, "तू आत असायला हवा होतास."

"एक हात कमी पडला," तो म्हणाला.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्याच संध्याकाळी कळलं मला," तो मैदानाकडे बघतच म्हणाला. "तो फिटर घरी आला होता. कुणाचा हात वर होता, कुणाचा नव्हता, सगळं सांगून गेला."

"मग सात वर्षं बोलला का नाहीस?"

"मी काय बोलणार? बोलायचं तुला होतं. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. रोज वाटायचं, आज सांगेल."

वसाहतीला कॉर्नर मिळाला होता. बायकापोरं ओरडत होती, कुणीतरी ताशा वाजवायला घेतला. मी त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणालो, "ऐक, त्या दिवशी मी—"

त्याने माझा हात हलकेच बाजूला केला. "आता राहू दे," तो म्हणाला. "मॅच बघू दे."