धाकट्याच्या बायकोला कोणी कळवलं?

१९६९, श्रावणातला बुधवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर. जागा पारोळ्याची, धान्याच्या दुकानामागची पडवी. हजर: पोथी वाचणारी मी, अर्थ सांगणाऱ्या अक्का, त्यांची सून, जिची पडवी ती मारवाडी शेठाणी, आणि वाती वळायला कापूस घेऊन बसलेल्या गल्लीतल्या सात-आठ जणी.

आमची रीत अशी: मी चार ओव्या वाचायच्या, अक्कांनी अहिराणीत अर्थ सांगायचा. त्या दिवशी युद्धाचा अध्याय होता. धाकटा भाऊ शत्रूचा घाव लागून मूर्च्छित पडला. आता तो उठेपर्यंत पोथी बांधायची नाही, कोणी जागचं हलायचंही नाही. त्याला तसाच टाकून घरी गेलं तर घरात आजारपण येतं, असं आमच्याकडे पक्कं मानतात.

नेमकी तेव्हाच सून बोलली. तिचा नवरा रावेरला केळीचे ट्रक भरायच्या कामावर होता. त्याने तिथे खोलीही घेतली होती. अक्काच तिला धाडत नव्हत्या.

"आत्याबाई, मोठानी बायको संगे वनमा गई, तिले तुम्ही रोज धन्य म्हनतस. मंग धाकलानी बायको कोठे शे?"

माझं बोट ओवीवरच थांबलं. इतकी वर्षं वाचत होते, पण ती बाई कधी मनातसुद्धा आली नव्हती!

"घरीच शे," अक्का म्हणाल्या. "सासवास्नी सेवा करस. तीन-तीन सासवा शेतस तिले!"

"आणि हिला तर तुम्ही एकच सासू," शेठाणी म्हणाल्या, "त्याही विहिरीवरून दोन घागरी घेऊन येता!"

पडवी हसली आणि मग सगळ्या एकदमच बोलू लागल्या. एक म्हणाली, मागे राहिली हाच तिचा मोठेपणा. दुसरी म्हणाली, कसला मोठेपणा, तिला कोणी विचारलंच नाही! मलाही राहवेना. मी म्हटलं, थोरलीला तरी कुठे कोणी चल म्हटलं होतं? ती भांडून गेली. म्हणजे तिचं भांडणंही धर्मातच बसलं की!

"तू वाच माय पुढे, तो पडेल शे!" अक्का माझ्यावर डाफरल्या.

"वाचते, पण आधी अर्थ. अर्थाशिवाय पुढे जायचं नाही, ही तुमचीच रीत."

सुनेने वातीवरून मान वर केली नाही. "तो पडेल शे, हाई आठे बठ्ठास्ले माहीत शे. तिले कोनी सांगं का?"

तो पडलाय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, पण त्याच्या बायकोला कोणी कळवलं होतं? बाहेर गुरं परतली होती. अक्कांची म्हैस दारात हंबरत होती आणि अक्कांना उठता येत नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "मना अर्थ अर्धा व्हता. तो उठना की इले रावेरले धाडसू."

मी अशी वाचत सुटले की मलाच धाप लागली. औषध आलं, धाकटा उठून बसला, बायकांनी टाळ्या पिटल्या, कापूस पडवीभर उडाला. शुक्रवारी सून एसटीत बसली.

खिडकीतून तिने मला बजावलं, "तिले कोनी सांगं, ते धुंडी ठेवा." आमची पोथी मी शेवटच्या पानापर्यंत चाळली, तीत नाही. देवळातली पोथी जुनी आहे, चांगली जाड आहे. तीत पाहायचं अजून राहिलं आहे.