मेलेली टाकी

चादर अर्धीच पिळून झाली होती, तोच दारात रंगाच्या कारखान्याचे साहेब उभे राहिले. मावशींनी हातातलं टोक सोडलं नाही. "या," म्हणाल्या, "पायपुसणं वाळत घातलंय, तसेच या."

त्या कारखान्यात मावशींनी अठरा वर्षं सांडपाण्याची टाकी सांभाळली. टाकीतल्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. पाण्यातलं विष तेच खातात. मावशी त्यांना लेकरं म्हणायच्या. रोज सकाळी काचेच्या भांड्यात गाळ घेऊन तो कसा खाली बसतो ते अर्धा तास बघायच्या. नवा रंग आला की त्याचं पाणी पहिल्या दिवशी बादलीभर, मग दोन बादल्या. महिनाभर सवय लावायची. घाई केली की लेकरं मरतात.

साहेबांनी मावशींच्या सुट्टीच्या दिवशी नव्या रंगाचं सगळं पाणी एकदम सोडलं. टाकी काळी पडली, सडली. नोंदवहीत मात्र लिहिलं, 'मावशींचा निष्काळजीपणा', आणि त्यांना घरी बसवलं. अठरा वर्षांवर एका ओळीने बोळा फिरवला. तेव्हापासून मावशी देवापुढे एकच मागायच्या: मला काही नको, त्याला माझ्या दारात आण.

देवाने आणला.

"विकतची पाकिटं तीनदा ओतली, जंतू जगत नाहीत," साहेब म्हणाले. "पाणी सुधारेपर्यंत कारखान्याला टाळं. मावशी, झालं गेलं विसरा."

"विसरू? सगळं पचवायला मी काय टाकी आहे?"

आतून नवरा कुजबुजला, "अगं, घरी आलेत. फार ताणू नकोस."

"तुम्ही कुकरकडे बघा." मग साहेबांकडे वळून, "टाकी कोणी मारली ते लिहून द्या. खाली सही."

"माझी नोकरी जाईल हो!"

"माझी गेली त्या दिवशी तुम्हाला जेवण गेलं ना नीट?"

साहेबांनी लिहिलं. 'पाणी सुटलं' खोडायला लावून मावशींनी 'मी सोडलं' लिहून घेतलं. साहेबांना ते लिहिताना बघून जिवाला इतका थंडावा मिळाला की मावशींनी तारीखही अक्षरात घालायला लावली.

"कागद तुमच्याकडेच राहील ना?"

मावशींनी कागदाची घडी घालून ती कमरेला खोचली.

"मग चला टाकीवर."

"टाकीवर उद्या. दुसऱ्या कारखान्याच्या टाकीतला जिवंत गाळ आणायला पिंपं लागतील, ती तुम्ही घासून ठेवा. स्वतः."

साहेब गेल्यावर मावशींनी हात पुसले, चपला घातल्या आणि कागद दाखवायला कारखान्याच्या मालकांच्या घरी निघाल्या.